धुतलेला कमरपट्टा

मी कमरेचा पट्टा बोलतोय. दुखऱ्या पाठीला बांधतात, तो. इतकी वर्षं गप्प होतो, कारण पट्ट्याने आवळून धरावं, तोंड चालवू नये, असं मला वाटायचं. पण ज्या दिवशी बोलायला हवं होतं त्या दिवशीही मी गप्पच राहिलो. ते मनाला लागून राहिलंय, म्हणून आज सांगतो.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यातला. जाड कापड, पोटावर आवळायला वेल्क्रो आणि मागच्या बाजूला चार पोलादी पट्ट्या. शुद्धीवर आलो तो चिखलीच्या एका औषधाच्या दुकानात. तिथे एक दिवस उंद्रीची मंजुश्रीबाई आली. सोबत नवरा, प्रेमानंद. फौजेतून नुकताच घरी आलेला, नायक हुद्द्याचा. दुकानदाराने खुर्ची पुढे केली तर म्हणाला, "उभाच बरा." मला वाटलं, काय ऐट आहे बुवा. त्याला बसवतच नव्हतं, हे घरी गेल्यावर कळलं.

मग अकरा वर्षं मी त्याच्या अंगावर. सकाळी तो गादीवर कसाबसा कुशीवर वळायचा, मंजुश्री मला खालून सरकवायची, तेव्हा कुठे तो उठायचा. त्याची पाठ डावीकडे कलते. हळूहळू माझ्या दोन पट्ट्याही तशाच वाकल्या. घामाचे पांढरे चट्टे पडले, कड विरली, वेल्क्रोत गोधडीचे धागे अडकून बसले. दिसायला मी पार गबाळा झालो होतो. पण मला नुसतं भुईवर ठेवलं असतं तरी जाणत्याला कळलं असतं, की ह्या माणसाची पाठ कुठे अधू आहे.

ती अधू झाली फौजेत. बर्फातल्या चौकीवर रॉकेलचा डबा पाठीवर घेऊन चढताना त्याचा पाय घसरला आणि तो डब्यासकट खालच्या खडकावर आदळला. त्याच्या तुकडीचे साहेब स्वतः तंबूत आले होते. "रिपोर्ट लिखवाओगे तो मेडिकल कॅटेगरी गिरेगी. फिर नायक कैसे बनोगे? मैं हूँ ना." हा म्हणाला, "ठीक हूँ साहब." नायक झाला खरा. पाच वर्षांनी पाठीने साथ सोडली, फौजेने घरी पाठवलं आणि कागदावर लिहिलं, की हे दुखणं नोकरीमुळे झालेलं नाही. जखमेची नोंदच नव्हती ना कुठे. अपंगत्वाची पेन्शन नाकारली. त्याने साहेबांना तीन पत्रं टाकली, तिसरं तर रजिस्टर. पोचपावती परत आली, तिच्यावर साहेबांची वळणदार सही होती. उत्तर आलं नाही.

"पेन्शनचं सोड मंजू," तो एकदा म्हणाला. "पर ते म्हन्तात, दुखनं तुह्यं घरचं हाय. म्हंजे मी खोटा झालो ना?"

पहिलं अपील फेटाळलं गेलं. दुसऱ्या अपिलात मात्र बोलावणं आलं. दूरच्या शहरातल्या फौजी दवाखान्यात डॉक्टरांचं मंडळ त्याला नव्याने तपासणार होतं. मुलीने, वैष्णवीने, सगळे कागद ओळीने लावून दिले. वकिलाने बजावलं, रोज वापरता तो पट्टा नक्की न्या.

आणि इथेच घात झाला. दुसऱ्याने नाही, त्यानेच केला. साहेबांपुढे जायचं म्हटल्यावर त्याच्यातला जवान जागा झाला. बूट चकचकीत केले, शर्टाला कडक इस्त्री केली, मग माझ्याकडे वळला.

"असू द्या ना, जसा हाय तसा," मंजुश्री म्हणाली.

"साहेब लोकाईपुढं मळका पट्टा घेऊन जाऊ काय? सतरा वर्षं मी माह्या फौजी किटले कोनाले बोट लावू देल्लं नाही."

त्याने माझ्या पट्ट्या उपसून काढल्या आणि दगडावर ठेवून हातोडीने सरळ केल्या. मला साबणात भिजवलं, ब्रशने घासलं. चिखलीच्या शिंप्याकडून नवी कड आणि नवं वेल्क्रो लावून आणलं. उन्हात वाळताना मी खूश होतो. लाज वाटते सांगायला, पण होतो.

मंडळात तीन डॉक्टर होते. "बेल्ट उतारो." मला टेबलावर ठेवलं. मोठ्या डॉक्टरांनी उचललं, उलटसुलट केलं, वेल्क्रो चर्रकन उघडून पाहिलं.

"कब से पहनते हो?"

"ग्यारह साल से, साहब."

"ये? ये तो कल का लगता है."

त्याने सांगायचं ना, की मी स्वतः धुतलाय, ठोकून सरळ केलाय. पण त्याची मान ताठ झाली आणि तो एवढंच म्हणाला, "साफ रखा है, साहब." मग "झुको" म्हणाले. हुकूम तो हुकूम. दात आवळून वाकला, सरळ झाला, हूं की चूं केलं नाही. "दर्द?" विचारलं, तर म्हणतो, "ठीक हूँ साहब." मी टेबलावर नवाकोरा पडून होतो आणि माझ्याकडे दाखवायला एक डागही उरला नव्हता.

बाहेर बाकड्यावर बसला तो त्याला उठता येईना. दोघांनी धरून उठवलं. ते कुणी कागदावर लिहिलं नाही.

दोन महिन्यांनी इंग्रजीत पत्र आलं. वैष्णवीने अर्थ सांगत वाचलं: "पट्टा अलीकडचा वाटतो. नेहमीच्या वापराच्या खुणा नाहीत. अपील नामंजूर."

मंजुश्रीने पत्राची घडी घालून ते बाकीच्या कागदांत ठेवलं. प्रेमानंदने माझ्याकडे पाहिलं.

"साहेबानं धोका देल्ला, ते समजलं. ह्या पट्ट्यानं काऊन देल्ला?"

आठ दिवस मी खुंटीवर लटकत होतो आणि तो भिंत धरून चालत होता. नवव्या दिवशी त्याने मला काढलं आणि बांधलं. वर अजून एक कोर्ट आहे, असं वकील म्हणतात. त्याने कागदावर सही केली आहे. तारीख लागायची आहे.

परवा मंजुश्रीने धुण्यात मला घेतलं, तर त्याने हात धरला. "त्याले नको. मळू दे."

माझंही तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. एखादा जवान "ठीक हूँ" म्हणाला, तर तेवढ्यावर लिहून मोकळे होऊ नका.

घामाचा पहिला चट्टा आता उमटलाय. पट्ट्या मात्र अजून सरळच आहेत आणि त्याच्या कललेल्या पाठीत टोचतात. त्या पुन्हा वाकाव्यात म्हणून तो रोज मला आणखी आवळतो. मागे त्या वाकायला अकरा वर्षं लागली होती.