रुसलेले आकडे

टॅक्सी स्टँडवर भरदुपारी पन्नासेक माणसं टॅक्सी चालवणाऱ्या माझ्या धाकट्या भावाच्या जुन्या गाडीला वेढा घालून उभी होती. आत बसलेल्या उजेडबाबा नावाच्या बुवांनी लाल पुरचुंडी डॅशबोर्डवरच्या विझलेल्या आकड्यांच्या काचेला टेकवली होती.

"आकडे रुसलेत," बाबा म्हणाले. "डोळे मिटून गाडीची माफी माग."

भावाने हात जोडले. पाच मिनिटांत वेग, पेट्रोल, इंजिनाची उष्णता, सगळे हिरवे आकडे लख्ख दिसू लागले. गर्दीतून कौतुकाची लाट गेली. मी मागे उभी राहून दात-ओठ खात होते. वीस वर्षं मी टीव्ही-रेडिओ दुरुस्त करते. तीनदा सांगितलं होतं, पॅनल माझ्याकडे आण. पण सख्ख्या बहिणीच्या हातापेक्षा याला पुरचुंडी मोठी.

संध्याकाळपर्यंत आकडे पुन्हा पुसट झाले. बाबांचं उत्तर तयार होतं: "तुझी श्रद्धा तोकडी पडली." म्हणजे गाडी याची, बिघाड गाडीत, आणि दोष मात्र याच्याच मनात.

असं महिनाभर चाललं. मग एका सकाळी भाऊ त्याच्या नेहमीच्या गिऱ्हाइकाला, एका आजोबांना, डायलिसिसला नेत होता. इंजिन तापत गेलं, पण आकडा दिसेना. भर रस्त्यात बॉनेटमधून वाफ आली आणि गाडी बसली. दुसरी गाडी मिळून आजोबा पोचले तेव्हा दोन तास उलटले होते. त्यांना धाप लागली होती. ते वाचले, पण त्यांच्या सुनेने भावाला एवढंच विचारलं, "तुम्हाला दिसत नव्हतं, तर गाडी काढलीत कशाला?"

आणि तरीही दुसऱ्या दिवशी हा बाबांपुढे.

या वेळी मी गर्दीत घुसले आणि सरळ पुरचुंडीला हात लावला. चटका बसला.

"बाई, अपवित्र केलीत," बाबा खेकसले.

"आत तापवलेली वाळू आहे," मी म्हटलं. "उष्णता लागली की आकडे येतात. मंत्र नकोत, मी दाखवते."

शेजारच्या सलूनमधून केस वाळवायचा ड्रायर आणला, लांब वायर ओढली आणि काचेवर गरम हवा सोडली. आकडे उजळले. मग थंड पाण्याची बाटली टेकवली. आकडे मावळले. गर्दी पुढे सरकली. पॅनल उघडून मी पिशवीतलं भिंग भावाच्या हातात दिलं.

"हा डाग दिलेला, म्हणजे सोल्डर केलेला सांधा बघ. केसाएवढी चीर आहे. तापला की फुगून चिकटतो, थंड झाला की सुटतो. म्हणून तुला रोज यावं लागायचं."

त्याने भिंगातून चीर पाहिली. "ताई, आजोबांचं काही बरंवाईट झालं असतं तर?"

मी सलूनमधल्या प्लगवर सोल्डरिंगची सळई तापवून सांधा पक्का केला. मान वर केली तोवर बाबा निघून गेले होते.

आकडे आजही दिसतात. राग मला बाबांचा कमी, आमचाच जास्त येतो. पन्नास शहाणी माणसं महिनाभर बघत होती, पण आकडे परत का जातात, हे एकानेही विचारलं नाही. वस्तू बिघडली की ती उघडून बघा. आपल्याला येत नसेल तर ज्याला येतं त्याच्याकडे न्या. आणि कुणी तुमच्या श्रद्धेत खोट काढून स्वतःचं अपयश झाकू लागला, तर तिथून गाडी काढा.