साहेबांचे पहिले चाक

मोटारीचे यंत्र बंद केल्यावर उरलेली शांतता वऱ्हाडाच्या मांडीवर रुखवताच्या टोपलीसारखी बसून होती: झाकलेली, जड. औरंगाबादहून हैदराबादेकडे जाणाऱ्या सडकेवर, गेवराईच्या अर्धा कोस अलीकडे, एक बांबू आडवा टाकलेला होता. त्याच्यापलीकडे मुरमाची नवी सडक. चोपलेली, पाणी मारलेली, तांबूस, कुणीही अद्याप न पाहिलेल्या स्वप्नासारखी. शेजारच्या काळ्या रानात वळवाच्या पावसाने चिखल केला होता आणि सकाळी रुतलेली एक बैलगाडी तिथे आभाळाकडे जू करून उभी होती.

मोटारीत नवरी होती, शिवकन्या. गेवराईला गोरज मुहूर्त होता. तो चुकला तर मांडवात दुसरी पोरगी उभी करू, असा नवऱ्याच्या बापाचा, आसाराम पाटलाचा निरोप होता.

"पायी जाऊ," शिवकन्या हळूच म्हणाली.

"नवरी पायी मांडवात? घराण्याचं नाक कापती का?" तिची आई भिवराबाई उसळली. "मग मोटार कावून केली?"

बांबूपाशी राखणदार आश्रुबा उकिडवा बसला होता. "सडकंच्या बड्या साहेबाचा हुकूम हाय, बाई. नव्या सडकंवर पयलं चाक साहेबाचं."

मागच्या बाकावरचे कोटवाले गृहस्थ खाकरले. "तो साहेब मीच. मोहनराव. हुकूमही माझाच. माझ्या मोटारीचे चाक शहागडला फुटले, म्हणून या वऱ्हाडात बसलो. काढ तो बांबू."

आश्रुबाने उठून लवून मुजरा केला. बांबू मात्र हलला नाही.

"तुमी साहेबच हाव, न्हाई कोण म्हणतंय? पर मोटार साहेबाची न्हाई. चाक वऱ्हाडाचं हाय."

"मग मी हुकूम मागे घेतो."

"मागल्या हप्त्यात आणखी एक साहेब असंच म्हणत होते, सरकार."

ड्रायव्हर गहिनीनाथ एकदम हसला. "बे आश्रुबा, टपावर साहेबाचंच चाक हाय की! गेवराईला पंक्चर काढाया चाललंय."

आश्रुबाने मान वर करून चाकाकडे बराच वेळ पाहिले. त्याच्या चेहऱ्यावर कायद्याला वाट सापडल्याचे समाधान पसरले. "हां! मग ते जाऊ द्या म्होरं. त्याच्या मागं तुमी. पर हाणायचं साहेबानंच."

चाक उतरवले गेले. मोहनरावांनी कोट काढून गहिनीनाथाच्या हाती दिला आणि बांबू हटला. हवा गेलेले ते चाक दारुड्यासारखे झोकांड्या देत चार पावले जाई आणि आडवे होई. मोहनराव ते उचलत, मुरूम झटकत, पुन्हा ढकलत. मागे मोटार गुरगुरत, थांबत, पुन्हा गुरगुरत होती.

"साहेब," गहिनीनाथ ओरडला, "भोंगा वाजवू का? लई हळू जाताय!"

मावळता सूर्य मात्र न अडखळता घरंगळत होता. त्याला कुणी बांबू आडवा घातला नव्हता. दूर गेवराईच्या अंगाला ताशा कडकडू लागला.

शिवकन्येने मुंडावळ्या कानामागे सारल्या, पिवळे लुगडे वर खोचले आणि चालत्या मोटारीतून ती खाली उतरली.

"अगं ए! बस वर!" भिवराबाई किंचाळली. "सोयरे काय म्हणतील?"

आश्रुबा धावत आला आणि थबकला. हुकूम चाकांचा होता. पायांविषयी साहेबांनी काहीच सांगितले नव्हते. हळदीची पावले ओल्या मुरमात एकेक उमटत गेली. मोटार मागे पडली.

चाक पुन्हा आडवे झाले होते. मोहनराव त्याच्यावर ओणवे होऊन धापा टाकत होते. तिला जवळ येताना पाहून त्यांच्या घामेजल्या चेहऱ्यावर आशा उमटली.

"मुली, एवढी एक कड जरा उचलतेस का?"

शिवकन्येने चाकाकडे पाहिले, मग सूर्याकडे. आणि ती ताशाच्या दिशेने चालत निघून गेली.