मर्यादवेलीने धरून ठेवलेली होडी

हे ऐकून कोणी विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवूही नये, अशी सुरुवात करून दोर वळणारे सासरे शेडच्या मागच्या दारातच फतकल मारून बसले. दार अडवणं हाच मूळ हेतू. आत सूनबाई कोयत्याला धार लावत होती.

सूनबाई शिडं शिवायची. यंदा तिच्याकडे एवढं अवाढव्य शिड आलं होतं, की ते आखायला शेडमागची वाळूची सपाटीच हवी. आणि तिथे मर्यादवेल पसरलेली. ना कोणी लावली, ना कोणी पाणी घातलं. वेल गेली की वारा सगळी वाळू उचलून शेडमध्ये आणून ओतेल, हे सासऱ्यांनी कालच सरळ सांगून पाहिलं होतं. पण जन्मभर थापा मारलेल्या माणसाचं खरंही थापेतच जमा होतं. सूनबाई नुसती हसली होती. म्हणून आज त्यांनी आपला हुकमी मार्ग धरला.

तरुणपणी ते म्हणे एकदा होडी बांधायलाच विसरले. दोर वळणाऱ्याची होडी, आणि तीच मोकळी. तुफान आलं, होडी निघाली समुद्राकडे. तेवढ्यात वेलीने सरसर हात लांब केले, होडीला सात वेढे दिले आणि वर गाठ मारली. गाठ अशी फक्कड, की ती बघूनच ते पुढे गाठी मारायला शिकले. लाटांनी दिवसभर ओढाताण केली, पण वेल बधली नाही. उलट दोन लाटांच्या मधल्या वेळात तिने पानं झटकून वाळवूनसुद्धा घेतली.

सूनबाईचा हात मंदावला. सासऱ्यांना चेव चढला.

"आणि संध्याकाळी वादळ थांबल्यावर बघतो तर काय, अख्ख्या होडीवर जांभळी फुलं टवटवीत उमललेली."

कोयता थांबला. सासऱ्यांच्या डोक्यावरून तिने बाहेर पाहिलं. उन्हं कलली होती. तिने कोयता खुंटीला अडकवला आणि टेप उचलली.

"शिड मी आतच आखते, दोन भागांत. राहू दे तुमची वेल. पण बाबा, थाप मारायची तर नीट मारा. संध्याकाळी कुठली फुलं? ही दुपारीच मिटतात. शिवताना रोज बघते मी."