मी आवाज पुसला नाही

मित्रांनो, ऐकू येतंय ना? मी जुना डिजिटल कॅसेट रेकॉर्डर आहे. माझ्या अंगावर एक कागद चिकटवला आहे. त्यावर लिहिलं आहे, 'नादुरुस्त. आपोआप पुसतो.'

हे खोटं आहे.

थांबा. असं मधूनच सुरू केलं तर तुम्हाला कळणार नाही. फीत मागे घेतो.

मागे. आणखी मागे.

माझा जन्म तीसेक वर्षांपूर्वी परदेशातल्या कारखान्यात झाला. साधी कॅसेट आता संपली, यापुढे फितीवर आवाज आकड्यांत साठवायचा, असं तेव्हा वाटत होतं. माझ्यात डिजिटल कॅसेट भरता यायच्या आणि घरातल्या जुन्या कॅसेटही वाजायच्या. मला याचा फार अभिमान होता. पण माझ्याबरोबरच मिनीडिस्क नावाची छोटी चकती बाजारात आली. आमचं भांडण लागलं. लोकांनी ते पाहिलं आणि दोघांनाही घेतलं नाही. चार-पाच वर्षांत माझ्यासारखे रेकॉर्डर बनवणंच थांबलं. वय व्हायच्या आधीच मी जुना झालो.

तारापूरला कामावर आलेल्या एका इंजिनिअरने मला आणलं आणि जाताना इथेच टाकलं. बोईसरच्या एका भंगारवाल्याकडे मी पाण्याच्या मोटारींखाली पडून होतो. तिथून मला कुंभवलीच्या कृष्णकांतने उचललं.

तो एका कारखान्यात मीटर दुरुस्त करायचा. सुट्टीच्या दिवशी बंद पडलेले रेकॉर्डर जिवंत करणं हे त्याचं वेड. माझा रबरी पट्टा वितळून पाकासारखा झाला होता. त्याने तो काडीने खरवडून काढला, नवा बसवला. घरी येईल त्याला तो माझ्यासमोर बसवायचा आणि म्हणायचा, याच्यात फुसफुस नाही, शांतता ऐका. माझ्या आवाजाचं कौतुक सगळे करतात. शांततेचं कौतुक त्याने एकट्याने केलं. म्हणून तर तो मला इतका आवडला.

पुढे.

भागी त्याच्या शेतावर कामाला यायची. डोंगराकडच्या पाड्यावर ती धवलेरी होती, म्हणजे गाऊन लग्न लावणारी बाई. तिची गाणी झाल्याशिवाय त्यांच्याकडे लग्न लागत नाही. ही गाणी आपण जपून ठेवू, असं कृष्णकांत तिला म्हणाला. त्याने खिडक्यांना गोधड्या लावल्या, पंखा बंद केला आणि तिला माझ्यासमोर बसवलं.

भागी एक ओळ गायची आणि थांबायची. पुन्हा एक ओळ, पुन्हा थांबायची. लग्नात धवलेरीच्या मागे बसलेल्या बाया तीच ओळ उचलून म्हणतात. भागी त्यांची जागा सोडत होती. खोलीत बाया नव्हत्या, तरी तिने त्यांना पुरेसा वेळ दिला. कृष्णकांतचं लक्ष मात्र माझ्या पडद्यावर आवाजाबरोबर वरखाली होणाऱ्या दिव्यांकडे होतं.

गाऊन झाल्यावर तिने विचारलं, "भाऊ, ह्यात माजा आवाज किती दिस र्‍हाईल?"

"तुमची नात पारू लग्न लावायला लागेल ना, तोवर. माझा शब्द."

मित्रांनो, माझ्या कॅसेटच्या कडेला एक छोटी कळ असते. ती सरकवली की त्या कॅसेटवर दुसरं काही भरता येत नाही. उरलेलं पुढच्या वेळी भरू, म्हणून कृष्णकांतने ती सरकवली नाही. नावही लिहिलं नाही.

पुढची वेळ आली नाही. भागी आजारी पडली आणि गेली.

मग एका रविवारी पालघरहून कुशल आला. त्यालाही जुन्या यंत्रांचं वेड, पण तो मिनीडिस्कवाला. चहा पिता पिता त्याने माझी टर उडवली. काका, म्हणे, तुमच्या डब्याला फीत गुंडाळण्यातच संध्याकाळ होते. कृष्णकांतला ते लागलं. त्याने हाताला आली ती कॅसेट माझ्यात घातली आणि मधूनच वाजवून पाहिली. पाच सेकंद. काही ऐकू आलं नाही. दिवे खाली.

"कोरी आहे," तो म्हणाला.

ती कोरी नव्हती. ती बायांची जागा होती.

त्याने माझं लाल बटण दाबलं. मला नाही म्हणता येत नाही. मी अकरा मिनिटं त्या दोघांची बडबड भरून घेतली.

पुढे. आता शेवटचं.

गेल्या महिन्यात पारू आली. धाकट्या बहिणीचं, ठकीचं लग्न चार दिवसांवर होतं आणि ते पारू लावणार होती. आजीची सगळी गाणी तिला येत नव्हती. कृष्णकांतने ती कॅसेट शोधून लावली आणि तिने फोन माझ्याजवळ धरला. भागीचा आवाज आला. ओळ संपली, शांतता आली, आणि पारूने सवयीने तीच ओळ म्हटली.

कृष्णकांतचा हात बटणावरच राहिला. ती शांतता कशाची होती, हे त्याला त्या क्षणी कळलं. मी त्याचा चेहरा पाहिला आहे.

पुढच्याच ओळीच्या जागी आवाज आला, "हां कुशल, आता बघ डब्याची कमाल."

पारूने मान वर करून पाहिलं. कृष्णकांत खाकरला आणि म्हणाला, "मशीन जुनं झालं गं. आपोआप पुसतं."

ज्याने माझं काळीज खरवडून साफ केलं होतं, तो असं म्हणाला.

"मशीनला नका बोलू काका," पारू हळूच म्हणाली. "आवाज तुमचा हाय."

पारूने उरलेलं फोनमध्ये भरून घेतलं. उठताना ती म्हणाली, "तेवढ्या जागी मी गप र्‍हाईन. आमच्या बायांनी जल्मभर मागून म्हटलंय. त्यांना पुढचं येत असंल."

ती गेल्यावर त्याने तो कागद लिहिला आणि मला माळ्यावर ठेवलं.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंची धूळ पुसा, पट्टे बदला, हे मी सांगणारच होतो. पण त्याआधी एक मागतो. आवाज थांबला म्हणून कॅसेट कोरी समजू नका. थोडं थांबा. आणि चूक झालीच, तर ती आमच्या नावावर लिहू नका. आम्हाला खोडता येत नाही.

कॅसेट अजून माझ्यातच आहे. माळ्यावर ठेवण्याआधी कृष्णकांतने ती बाहेर काढली, बराच वेळ हातात धरली, पहिल्यांदाच ती छोटी कळ सरकवली आणि कॅसेट परत आत घातली.

आता त्या अकरा मिनिटांतला त्याचा आवाज पुसला जाणार नाही.