पीस लिलीला ताण

खुशालरावांनी पीस लिलीची कुंडी दोन्ही हातांनी उचलली आणि कूलरपुढून काढून हॉलच्या कोपऱ्यात, चपलांच्या रॅकजवळ नेऊन ठेवली. पाण्याचा मग घेऊन आलेली त्यांची सून आरती जागच्या जागी थांबली.

"मामाजी, तिथं गार हवा नाही लागत तिले."

"नाहीच लागली पायजे. मी ताण देऊन राहिलो."

आरतीनं मग खाली ठेवला. अकोटच्या संत्रेवाल्यांच्या घरात लग्न होऊन आल्यावर ताण म्हणजे काय हे कुणी वेगळं शिकवावं लागत नाही. उन्हाळ्यात बागेचं पाणी तोडायचं, पानं मलूल होऊन गळू लागेपर्यंत थांबायचं आणि मृगात पाणी सोडायचं. तहानलेलं झाड मग फुलांनी पांढरं होतं. घाई केली तर फूल कमी, उशीर केला तर फांद्या वाळतात. आसपासचे बागवाले तो नेमका दिवस ठरवायला खुशालरावांना घेऊन जात. ते एक पान तोडत, बोटांत चुरगाळत आणि सांगत. त्यांचा शब्द चुकल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

बाग आता बटईनं, निम्म्या वाट्यानं, दिली होती. खुशालरावांच्या पत्नी सुभद्राबाई गेल्या भादव्यात वारल्या, त्या इथं, अमरावतीला, मुलाच्या फ्लॅटमध्ये. किडन्या निकामी झाल्या होत्या. डायलिसिससाठी त्या किशोर-आरतीकडे राहिल्या, आणि खुशालराव एसटीनं येऊन-जाऊन बाग सांभाळत राहिले. त्या गेल्यावर अकोटच्या घरात त्यांना एकट्यानं राहवेना. किशोरला मात्र त्यांनी गुडघे दुखतात असं सांगितलं.

ही पीस लिली सुभद्राबाईंनी दवाखान्यातून येताना रस्त्यावरच्या नर्सरीतून घेतली होती. त्या गेल्यापासून तिला फूल आलं नव्हतं. येत्या भादव्यात वर्षश्राद्ध होतं. त्या दिवशी फोटोपुढे विकतचा हार नको, तिच्याच झाडाचं पांढरं फूल असावं, एवढंच खुशालरावांच्या मनात होतं.

"बाबा, ते संत्रं नाही," किशोर जेवताना म्हणाला.

"पाणी पेते ना? मंग झालं."

आठवडाभरात पानं कुंडीच्या काठावरून खाली लोंबली. खुशालराव चष्मा लावून कुंडीपाशी बसले, एक पान चिमटीत धरून पाहिलं आणि समाधानानं म्हणाले, "ताण बसला."

आरती पाइप लावून कूलरमध्ये पाणी भरत होती. तिनं वळून न पाहताच सासूची आठवण काढली.

"आत्याबाईंना हे पाहवलं नसतं."

"काहून? जलम गेला तिचा बागेत. तिले ताण काय माहीत नव्हता?"

"माहीत होता. पण इथं डॉक्टरनं त्यांचं स्वतःचं पाणी मोजून दिलं होतं, मामाजी. सकाळी मी एक बाटली भरून ठेवायची, दिवसभर तेवढीच. लयच तोंड सुकलं तर बर्फाचा खडा. बाटली संपली की त्या उठायच्या अन् या कुंडीत पाणी टाकायच्या. म्हणायच्या, मले नाही तर नाही, हे तरी पिऊन घेऊ दे."

कूलरची टाकी भरून पाणी फरशीवर आलं. आरतीनं नळ बंद केला.

बाटलीचं खुशालरावांना माहीत नव्हतं. ते अकोटहून उन्हातून आले की सुभद्राबाईच त्यांना गडवाभर पाणी आणून देत, आणि ते पीत असताना समोर बसून पाहत. गडवा रिकामा झाला की विचारत, "आणखी देऊ?"

त्यांनी चष्मा काढून खिशात घातला, उठून पाण्याचा मग भरून कुंडीत ओतला, आणि कुंडी परत कूलरपुढे नेली. संध्याकाळपर्यंत पानं उभी राहिली.

त्यानंतर ते कुंडीजवळून जाताना कधी रिकाम्या हातानं गेले नाहीत. पाऊस लागला, कूलर उतरवून माळ्यावर गेला, तरी खुशालरावांचा मग चालूच राहिला. श्रावणात पानं पुन्हा लोंबली, पिवळी पडली. त्यांनी आणखी पाणी घातलं. एका सकाळी आरतीनं त्यांचा हात धरला.

"बोट घाला मातीत."

त्यांनी घातलं. आत नुसता चिखल होता, आणि बोटाला नालीसारखा वास आला.

आरतीनं बाल्कनीत पेपर अंथरून कुंडी उपडी केली. मुळं काळी पडली होती, हात लावला की साल निघून येई. खुशालरावांनी झाड धरलं आणि ती कात्रीनं सडलेलं कापत गेली. शेवटी मूठभर पांढरी मुळं आणि मोजकी पानं उरली. तिनं ती रेताड, कोरड्या मातीत लावली.

"पाणी कमी झालं तरी मान टाकते, जास्त झालं तरी. वरून सारखंच दिसते," ती म्हणाली. "मातीलेच विचारा लागते. उन्हाळ्यात कूलरपुढे लय पेते. पावसात वरची माती सुकल्याबिगर नाही द्यायचं, अन् थंडीत तर त्याहून कमी."

"कोणं शिकवलं तुले?"

"कोणी नाही. पहिली आम्ही दोघींनी मिळून मारली."

"म्हणजे ही दुसरी?"

"दुसरी. आत्याबाई म्हणाल्या, तुया मामाजीले सांगू नको, मले हसतील."

खुशालराव हसले. मग मातीच्या हातांनी त्यांनी कापलेली मुळं पेपरात गुंडाळली.

भादव्यात अकोटहून माणसं आली. खुशालरावांचे शेजारी पुंजाजी आल्याआल्या कुंडीपुढे उभे राहिले. झाडाला नवीन पान फुटलं होतं, पण फुलाचा पत्ता नव्हता.

"खुशालराव, तुमी अन् बिनाफुलाचं झाड?"

"जगलं हेच लय झालं."

किशोरनं आईचं श्राद्ध केलं. तर्पणाचं पाणी तांब्यात भरून त्यानं वडिलांच्या हाती दिलं.

"झाडाच्या मुळाशी घाला," गुरुजी म्हणाले.

"बाहेर कायले जाता?" पुंजाजी म्हणाले. "वहिनीचंच झाड आहे ना इथं."

सगळ्यांनी कुंडीकडे पाहिलं. खुशालरावांच्या बहिणीनं, सुंदरा आत्यांनी, डोळ्याला पदर लावला. खुशालरावांनाही ते पटलं. ते कुंडीजवळ जाऊन वाकले, तांब्या तिरपा केला, आणि थांबले.

"आरती, पाह्य बरं."

आरती हात पुसत स्वयंपाकघरातून आली. तिनं मातीत बोट घातलं. मग बसलेल्या सगळ्या मोठ्या माणसांकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाली, "आज नको, मामाजी. ओली आहे."

गुरुजी खाकरले. "अहो, आजच्या दिवसाचं पाणी आहे हे."

"घोटभर टाकलं तर काय होते?" पुंजाजी म्हणाले.

"नाही म्हणते ना ती."

"कमाल करता. अख्ख्या अकोटले पाणी तुमी सांगत होते."

"संत्र्याचं सांगत होतो. याचं हिले समजते."

ते तांब्या घेऊन जिना उतरले आणि गेटजवळच्या कडुनिंबाच्या बुडाशी पाणी सावकाश ओतलं. वॉचमन देवानंद खुर्चीवरून उठून आला.

"काकाजी, इतक्या खाली काहून आले? घरात आहे ना काकूचं झाड."

"आहे ना. पण सुनेनं नाही म्हटलं," खुशालराव म्हणाले. घरातल्या कुणाला मोठी नोकरी लागल्याचं सांगावं, तसा त्यांचा आवाज होता. आणि देवानंदनं पुढे काही विचारलं नाही, तरी रिकामा तांब्या हातात घेऊन ते त्याला ती कशी पाहते, बोट कुठवर घालते, सगळं सांगत उभे राहिले.