छतावर सून, पडद्यासमोर सासू

मी बंदराच्या बिनतारी खोलीतला रिसीव्हर बोलतोय. माझ्या पाठीला दोन भोकं. एकात छतावरच्या डिशची केबल जाते, दुसऱ्यात संगणकांच्या नेटवर्कची. उपग्रह हवामानाची चित्रं पाठवतो, डिश ती झेलते, मी ती उलगडून संगणकांकडे पोचवतो. जन्मलो तोच या कामासाठी. पण कारखान्यातून निघालो तो थेट कपाटात! थोरला भाऊ धडधाकट होता, म्हणून मी राखीव.

एका वादळी सकाळी वीज पडली आणि थोरला जळाला. डिश वाऱ्यानं फिरली, टेलिफोनचे खांब आडवे झाले, रस्ता खचला. तंत्रज्ञ येण्याची आशाच नव्हती. दुपारी वारा पडला, ऊन आलं. समुद्रात बेटाच्या आडोशाला थांबलेल्या बोटींना वाटलं, संकट टळलं. त्या आणखी आत निघाल्या. त्यातल्या एका बोटीवर बिनतारीवाल्या बाईंचा नवरा होता.

"टळलं की नाही, ते चित्र बघितल्याशिवाय कसं सांगू?" असं म्हणत बाईंनी मला कपाटातून बाहेर काढलं.

डबा घेऊन आलेल्या सासूबाई दारातच उभ्या होत्या.

"आई, तुम्ही या रिसीव्हरच्या छोट्या पडद्यासमोर बसा. मी वर डिश फिरवते. त्यावरचे सिग्नलचे आकडे ओरडून सांगा."

"मला यातलं काय कळतंय?"

"आकडे कळतात ना? पुरे झालं!"

खाऱ्या हवेनं केबलचं टोक हिरवं पडलं होतं. बाईंनी ते छाटलं, नवा जोड बसवला आणि माझ्या पाठीत घट्ट पिळला. मग बटण दाबलं, मला वीज मिळाली. लाल दिवा लागला. मी कान टवकारले. नुसती खरखर!

"वीस! तीस! अगं, उतरला, मागे घे!" सासूबाई खिडकीतून ओरडत होत्या. "साठ! पण खालचा आकडा शून्यच आहे!"

"म्हणजे जोर आहे, पण आपलं चित्र नाही. हा दुसराच उपग्रह!"

"मग कशाला त्याच्या नादी लागतेस? पुढे सरक!"

डिश केसभर हलली आणि मला माझ्या उपग्रहाचा आवाज सापडला. मी तो सोडला नाही. दिवा हिरवा झाला. तरी संगणक कोराच. बाई धापा टाकत खाली आल्या. माझी दुसरी तार नेटवर्कच्या पेटीत, विजेनं जळलेल्या भोकात होती. ती त्यांनी शेजारच्या भोकात खोचली. संगणकाच्या पडद्यावर चित्र उतरू लागलं. उघडिपीच्या मागे भलामोठा पांढरा भोवरा!

बाईंनी माईक उचलला. "सगळ्यांनी मागे फिरा. दुसरं वादळ येतंय."

"इथं तर लख्ख ऊन आहे," नवऱ्याचा आवाज आला. "आताच जाळी टाकलीत."

सासूबाईंनी माईक हिसकावला. "अरे, तुझी बायको छतावर चढून आलीय! जाळी तोड आणि घरी ये!"

मग एकेक बोट "फिरलो" म्हणू लागली.

शेवटची बोट धक्क्याला लागली तेव्हा लाटा बांधावरून उडत होत्या. नवरा चिंब भिजून दारात उभा राहिला.

"आई, जाळी गेली."

"जाऊ दे," सासूबाई म्हणाल्या आणि पदरानं त्याचं डोकं पुसू लागल्या. बाईंनी तसाच राहिलेला डबा उघडून त्याच्यापुढे ठेवला.

आता रस्ता झालाय, तंत्रज्ञही येऊन गेला. मी इथंच आहे, गरम होतो, थोडा गुणगुणतो. बघायला या, पण तारांना पाय लावू नका आणि ऊन पडलं म्हणून मला बंद करू नका. बोटी बाहेर आहेत, नवं चित्र उतरतंय. जरा सरा, मला काम आहे.