दोघांच्या सह्या

परीक्षेची घंटा झाली, वर्गात प्रश्नपत्रिका वाटल्या गेल्या, आणि चौथीतली बिट्टी मात्र ऑफिसच्या बाकावर पाय हलवत बसून राहिली. दोन सत्रांची फी थकली की मुलाला परीक्षेला बसू द्यायचं नाही, असा त्या शाळेचा शिरस्ता होता. चूक कुणाची आणि शिक्षा कुणाला, एवढा साधा प्रश्न तिथल्या शिकल्यासवरल्या माणसांना कधी पडला नव्हता.

फोन गेल्यावर आई चष्म्याच्या दुकानातून धावत आली, बोटांना भिंगांची पूड तशीच. पाठोपाठ लिफ्टदुरुस्ती करणारे वडील हत्यारांची पिशवी घेऊन आले. वर्षभर वेगळे राहणारे ते दोघे एकमेकांकडे न बघता कारकूनबाईंच्या टेबलासमोर उभे राहिले.

"फी ह्यांनी भरलीय," आई म्हणाली.

"मी कुठे? हिने भरली. पोरगीच म्हणाली मला."

"मलाही तिनेच सांगितलं, बाबांनी भरली म्हणून."

दोघांच्या नजरा बाकाकडे वळल्या. बिट्टीचे पाय थांबले.

"तशीही फी हिनेच भरायची," वडील म्हणाले. "पोरगी हिच्याकडे राहते."

"घर मी चालवते. फी ह्यांची, असं ठरलंय."

कारकूनबाईंनी प्रवेशअर्ज पुढे सरकवला. "आपसात काय ठरलं ते तुमच्यापाशी. इथे फीची हमी दोघांनी सही करून दिलीय. एकाने नाही भरली तर सगळी रक्कम दुसऱ्याकडे मागता येते. वेगळं राहिलं म्हणून सही पुसली जात नाही."

वडिलांचा पारा चढला, पण बाईंपुढे बोलायची सोय नव्हती. ते लेकीकडे वळले. "खोटं का बोललीस गं?"

"शाळेची चिठ्ठी दाखवली की आई तुला नावं ठेवते. तुला दाखवली की तू आईला," बिट्टी म्हणाली. "भरली म्हटलं की त्या दिवशी कुणीच काही बोलत नाही."

आई बाकावर तिच्याशेजारी बसली. वडिलांना पिशवी कुठे ठेवावी तेच कळेना.

बाईंनी दोन चिठ्ठ्या लिहून दोघांच्या हातात एकेक दिली. "यापुढे चिठ्ठी पोरीकडे जाणार नाही. आणि तिला मी वर्गात नेतेय. मुख्याध्यापकांना काय सांगायचं ते मी बघते."

पाऊण तास फुकट गेला होता. वर्गाच्या दाराशी बिट्टीने बाईंचा हात ओढला.

"बाई, मार्क कमी पडले तर घरी सांगू नका."

"का गं?"

"कुणामुळे पडले, यावर भांडतील."

बाईंनी तिला बाकावर बसवून प्रश्नपत्रिका पुढ्यात ठेवली. त्या पोरीला काय उत्तर द्यायचं, तुम्हाला सुचतं का, बघा.